सत्याऐंशीपट लहान हिवरखेड

भेग दोन मिलिमीटरला जराशी कमी भरली. व्हर्नियर कॅलिपरचं टोक तिच्यात सहज उतरत होतं. फलाटाच्या उतरत्या टोकाशी ती सुरू झाली होती, रुळांखालून तिरपी गेली होती आणि पलीकडच्या कापसाच्या वावरात शिरून तिथे तिला दोन फाटे फुटले होते. तिच्या कडा कोरड्या, किंचित वर वळलेल्या. हिवरखेडच्या खऱ्या वावरात उन्हाळा लागला की अशाच भेगा पडतात. पण हे हिवरखेड खऱ्याच्या सत्याऐंशीपट लहान होतं. त्या मापाने ही भेग सहा-सात इंच रुंद झाली असती. फलाटावर उभ्या असलेल्या नखाएवढ्या माणसांपैकी कोणाचाही पाय तिच्यात अडकला असता.

"रूळ बी उचलले ना ताई," अनुप म्हणाला. तो गुडघ्यांवर बसून तक्त्याच्या पातळीत डोळा आणून पाहत होता. "इंजिन इथं येते अन् मान टाकते."

त्याने चालवून दाखवलं. तपकिरी इंजिन पाण्याच्या टाकीपाशी सुरू झालं, कडुनिंबाखालून आलं, भेगेवर त्याची पुढची चाकं रुळावरून उतरली आणि ते एका अंगावर कलून गुरगुरत राहिलं. त्याच्या आतली यंत्रं परदेशातून आणलेली, जुनी. वरचा सांगाडा अनुपने कार्डशीट कापून स्वतः केलेला. त्याने बटण बंद केलं. इंजिन उचलून पुसलं.

अनुप माझा धाकटा भाऊ. अकोल्यात आई-बाबांजवळ राहतो, नागपूरच्या एका कंपनीसाठी घरून ड्रॉइंग्ज करून देतो. घरातल्या रस्त्याकडच्या खोलीत त्याने प्लायवूडच्या लांब तक्त्यावर हिवरखेडचं मीटरगेज स्टेशन उभं केलं आहे. बाबा त्या स्टेशनावर रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. आमचं लहानपण तिथलं. गाडी बंद झाली, रूळ निघाले. अनुपने काही महिन्यांनी फलाटाचं पहिलं ड्रॉइंग काढलं.

जमीन हा माझा भाग. मी अमरावतीच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करते आणि दर दुसऱ्या शनिवारी अकोल्याला येते. रूळ, सिग्नल, इमारती अनुपच्या. त्यांच्यामधलं सगळं, म्हणजे माती, गिट्टी, गवत, झुडपं, आम्ही दोघं मिळून करतो. सुतळी बारीक कातरून, चहात उकळून, वाळवून आम्ही गवत केलं. डास मारायच्या रॅकेटचं सर्किट एका चहाच्या गाळणीला जोडलं, की तिच्यातून पडणारे सुतळीचे तंतू ओल्या गोंदावर उभे राहतात. विजेच्या क्षेत्रात त्यांना आडवं पडता येत नाही. झुडपांसाठी आईच्या मसाल्यातलं दगडफूल. ते संपलं की आई ओरडते, "तुमच्या टेसनापायी माह्या भाजीले चव नाई राह्यली," आणि पुढच्या बाजाराला जास्त आणते.

माती मात्र बाबांनी आणली. मी नदीकाठची बारीक रेती रंगवून वापरणार होते. बाबांनी ऐकलं नाही. "हिवरखेडचं टेसन अन् माती दुसरीकडची? लोकं हासतीन," म्हणाले, आणि एसटीने जाऊन आमच्या वावरातली काळी माती सिमेंटच्या पिशवीत भरून आणली. पिशवी खांद्यावर होती. या वयात ते आता काही उचलत नाहीत, ती मात्र उचलून आणली.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. आमच्या प्रयोगशाळेत मी मोजनळीत टाकून ती किती फुगते हे रोज मोजते. गोंदाच्या पाण्याने ती फुगेल आणि वाळताना आपल्याबरोबर रूळही ओढेल हे मला ठाऊक होतं. मी ती तव्यावर भाजली, चाळली, तिच्यातून लोहचुंबक फिरवला, म्हणजे लोखंडाचे कण इंजिनाच्या मोटारीत जायला नकोत. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. मी गोंद फवारला.

"कशी पडली भेग?" बाबांनी दारातून विचारलं.

"तुमच्या मातीनं पाडली," अनुप म्हणाला.

"म्हंजे असली माती हाय," बाबा म्हणाले आणि खूश होऊन आत गेले.

मग आई आली. तिने भेगेकडे पाहिलं, उचललेल्या रुळाकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळली. "उद्या पाहुणे येऊन राहिले अन् तुमी हे काय मांडून बसले? चादर टाका त्याच्यावर. चौतीस वर्साचा माणूस झुकझुक गाडी खेळते, म्हंतीन."

"मी झाकणार नाई," अनुप म्हणाला.

"तं मंग नीट तरी करा."

उद्या, रविवारी, नांदगाव खंडेश्वरहून प्रियदर्शनी नावाची मुलगी तिच्या वडिलांबरोबर आणि मावशीबरोबर येणार होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्यात मुलाकडे मुलीची माणसं घर पाहायला येतात तेव्हा सहसा मुलगी येत नाही. हिने कळवलं होतं, की मीही येईन. आईला ते आवडलंही होतं आणि त्याची धास्तीही वाटत होती.

मी स्वयंपाकघरात गेले. आई रवा भाजत होती.

"नोकरी काहून सोडली म्हंतीन," ती कढईकडे पाहत म्हणाली, "तं कंपनी बंद पडली म्हनजो. लाकडाउनमधी. लय कंपन्या बंद पडल्या, कोण पाहाले जाते?"

"कंपनी चालू आहे, आई. पेपरात जाहिरात येते तिची."

"नांदगाव खंडेश्वरात कोण पाह्यते पुण्याच्या जाहिराती? तू ना, लय शिकली. तुले खोटं बोलता येत नाई तं नको बोलू. गप राहाले तं येते? तेवढं कर."

"आणि लग्नानंतर तिला कळेल तेव्हा?"

"तवा ती घरची झाली राहीन."

"म्हणजे तिला जायला जागा नसेल, असंच ना?"

आईचा हात थांबला. रव्याचा वास करपटाकडे झुकला तसा तिने गॅस बंद केला. "तू मोठ्या शाळेतलं नको बोलू माह्याशी. माही गुडघे पाह्य. तुह्या बापाले पाह्य, पिशवी उचलली तं आठ दिवस खांदा शेकून राहिला. तू अमरावतीले. आमच्या मागं, 'अनुप, जेवला का', म्हनून कोण इचारन त्याले? थे सांग. उत्तर असन तं मी आत्ता फोन करतो अन् त्यायले येऊ नका म्हनतो."

'तो माझ्याकडे राहील' हे वाक्य मी मनात अनेकदा म्हणून पाहिलं होतं. दर वेळी ते म्हणताना आमचं दोन खोल्यांचं घर, तिथे आधीच असलेल्या माझ्या सासूबाई, मुलीची दहावी, असं एकेक समोर येई, आणि वाक्य मध्येच थांबे.

अनुपला पुण्यात नोकरीला असताना आवाज ऐकू येऊ लागले. शेजारचे आपल्याबद्दल बोलतात असं त्याला वाटे. त्याने खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली, डब्यातलं जेवण खाणं सोडलं. बाबा आणि मी त्याला आणायला गेलो तेव्हा तो मला ओळखत होता, पण माझ्या हातचं पाणी पीत नव्हता. दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. मग गोळ्या लागू पडल्या. तेव्हापासून तो नीट आहे. नीट म्हणजे झोपतो, जेवतो, काम करतो, हसतो. गोळ्यांनी त्याची बोटं थरथरतात, एवढंच.

दुपारी आम्ही जमीन खरवडायला घेतली. गल्लीच्या तोंडाशी एका घराचं बांधकाम चालू होतं. तिथून मी दगडाची चुरी मागून आणली. आपल्याकडचा काळा दगड झिजून झिजूनच काळी माती होते. चुरी ही तिची आधीची अवस्था. रंग तिचाच, पण फुगायचा गुण अजून आलेला नसतो. मी ती आधी पिठाच्या चाळणीतून आणि मग जुन्या ओढणीतून गाळली. अनुप चपट्या पटाशीने रुळांच्या कडेची माती उचलत होता. ती पापुद्र्यांनी निघत होती.

"बाबांले सांगू नको माती बदलली म्हणून," तो म्हणाला.

"त्यांना कळेल."

"नाई कळत. वरून थोडी त्यायचीच भुरभुरू. वरवर दिसली का झालं."

मी फलाटाच्या मागच्या कडेला आले. तिथलं गवत रॅकेटने लावलेलं नाही. कुंपणाच्या तारेखालचे झुपके एकेक करून चिमट्याने लावावे लागतात. गोंदाचा ठिपका, मग झुपका, मग पुढचा. हे काम अनुप माझ्या येण्याच्या मधल्या दिवसांत करतो. गेल्या वेळी कडुनिंबापर्यंत झालं होतं. आता पूर्ण कड झाली होती.

मी खाली वाकले. कडुनिंबापर्यंतचं गवत खऱ्या कुंपणाखालच्या गवतासारखंच होतं. एक झुपका तारेच्या अलीकडे, दुसरा जरा पलीकडे, एक कललेला, दोन एकमेकांत शिरलेले, मध्येच मोकळी जागा. कुठलाही क्रम शोधला तर सापडला नसता. मला ते नेहमीच आमच्या कामातलं सगळ्यात चांगलं वाटत आलं आहे. कडुनिंबाच्या पुढे मात्र झुपके एका रेषेत होते. सारख्या अंतरावर, सरळ उभे. दात घासायच्या ब्रशसारखे.

मी कॅलिपर लावला नाही. गरज नव्हती. मी अनुपच्या हाताकडे पाहिलं. पटाशीचं टोक रुळाच्या कडेवरून जात होतं आणि जराही हलत नव्हतं.

"गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

तो पटाशी चालवत राहिला.

"अनुप."

"मागच्या रविवारपासून."

"कोणी सांगितलं?"

"कोणाले काय सांगाले लागते? मलेच वाटलं." मग थोड्या वेळाने, "आई म्हणे, फक्त पाहुणे येऊन जाईपर्यंत. ते वाशिमवाले पाहाले आले होते तवा चहाची बशी वाजून राहिली होती ना माह्या हातात. सगळे बशीकडेच पाहून राहिले होते. त्यायनं नाई म्हटलं ते त्या बशीपायी, असं आई म्हणते."

"वाशिमच्या लोकांना तू आजाराचं सांगणार होतास. मला म्हणाला होतास."

"सांगणार होतो. त्यायनं पहिलेच नाई म्हटलं."

"आणि त्यांनी नाही म्हणायच्या आधी?"

"ताई, तू प्रयोगशाळेत लोकायले असंच इचारते का?" तो हसला. मग त्याने पटाशी ठेवली आणि दोन्ही हात माझ्यासमोर पसरले. "पाह्य ना. पाह्य एकदा. माहीच बोटं वाटून राहिली मले. किती वर्सांनी."

बोटं खरंच स्थिर होती. लांब, निमुळती, बाबांसारखी. मला ती धरावीशी वाटली आणि मी धरली नाहीत.

"झोप येते?"

"येते. पहाटे पहाटे."

"आणखी काही?"

त्याने इंजिनाकडे पाहिलं. ते स्पंजच्या तुकड्यावर चाकं वर करून पडलं होतं, तारा सुटलेल्या. "कधी कधी हे बंद असते तरी ऐकू येते," तो म्हणाला. "लय नाई. दूर असल्यासारखं. पण मले माहीत हाय ना ताई, ते बंद हाय म्हणून. माहीत असलं का मंग काय त्याचं?"

मी बाहेर अंगणात जाऊन डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आजच सुरू करा, सोमवारी घेऊन या, आणि त्याला एकट्याला ठेवू नका. मी आत येऊन त्याच्या कपाटातून गोळ्यांची पट्टी काढली, पाणी आणलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"उद्या ते लोकं गेले का घेतो."

"आत्ता घे."

"आत्ता घेतली तं उद्या हात हालन."

"हलू दे."

"तुले सोपं हाय म्हणाले!" त्याचा आवाज चढला आणि बाबांनी बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी केला. अनुप हळू बोलू लागला. "तुले कोणी बशीवरून पाह्यलं नाई. मले एक दिवस पाह्यजे. एकच. लोकायनं माह्याकडे पाह्यलं पाह्यजे, माह्या हाताकडे नाई. मंग सांगीन मी तिले. तिनं हो म्हटल्यावर सांगीन."

"हो म्हटल्यावर सांगण्यात काय अर्थ?"

"मंग तूच सांग तिले! जाय! तुले तं लय खरं बोलता येते." मग त्याने गोळ्यांची पट्टी माझ्याकडे परत सरकवली. "नाई. तू नको सांगू. माही गोष्ट हाय."

ती त्याची गोष्ट होती, हे खरंच होतं. आणि त्या मुलीचीही होती, हेही तितकंच खरं होतं. मी दोन्हींमध्ये उभी होते, हातात पाण्याचा पेला.

आईला मी फक्त एवढंच विचारलं, "त्याला पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागलं तर?"

"सात दिवसानं काय होते?" आई म्हणाली, पण माझ्याकडे न पाहता. "देवाधर्माचं आमी काई करत नाई, बाबासायबानं सोडवलं त्याच्यातून. नाई तं कुठं नवस गिन केला असता. आता तूच सांग, माय काय करन?" मग ती रव्याच्या लाडवांना हात लावून पाहू लागली. ते बसले नव्हते.

त्या दिवशी त्याने गोळी घेतली नाही. आम्ही दोघांनी मिळून सगळी चुरी पसरली, गोंदाच्या पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून ते ड्रॉपरने तिच्यावर सोडलं, रूळ पुन्हा बसवले. तो फार चांगलं काम करत होता. फार भराभर करत होता. मध्येच थांबून तो कान देई आणि मग पुन्हा वाकून कामाला लागे.

रविवारी पाहुणे अकराच्या सुमारास आले. प्रियदर्शनीचे वडील डोमाजी पोस्टातून निवृत्त झालेले, उंच, बोलके. मावशी वच्छलाबाई आल्या आल्या म्हणाल्या, "घर लय सोदून काढा लागलं बाप्पा. गल्ल्याच गल्ल्या तुमच्या अकोल्यात." प्रियदर्शनी सगळ्यांना जयभीम करून खुर्चीत बसली. अंगावर साधी सुती साडी, खांद्याला शाळेत नेतात तशी मोठी पिशवी. ती इकडेतिकडे बघत होती आणि बघते आहे हे लपवत नव्हती.

अनुपने चहाचा ट्रे आणला. हे आईनेच ठरवलं होतं. त्याने प्रत्येकाला कप-बशी दिली. एकही बशी वाजली नाही. आईचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. किती दिवसांत तो असा सैल झालेला नव्हता.

"आमच्याकडे पोट्टेच चहा आणतात," बाबा म्हणाले, "पोट्टी तं अमरावतीले पळून गेली."

"पळून काय, लावून दिली तुम्हीच," मी म्हणाले. सगळे हसले.

मग बाबांनी सगळ्यांना रस्त्याकडच्या खोलीत नेलं. अनुपने गाडी सुरू केली. इंजिन टाकीपाशी निघालं, दोन डबे घेऊन कडुनिंबाखालून आलं आणि नव्या जमिनीवरून न अडखळता फलाटाला लागलं.

"येळेवर आली!" डोमाजी म्हणाले.

"इथंच खोटं हाय हे मॉडेल," बाबा म्हणाले. "मीटरगेज कधी येळेवर आली होती? मी कंदील घेऊन उभा राहो अन् अर्धी रात्र..." आणि ते सुरू झाले. कोणत्या सालचा पूर, कोणता गार्ड, स्टेशनमास्तरची म्हैस रुळावर कशी बसली. वच्छलाबाई वाकून पाहत होत्या. "माय वो, पऱ्हाट्या बी हायेत. कापूस येचून झालेला दिसते." बाबा चुरीकडे बोट दाखवून म्हणाले, "माती आमच्या वावरातली." अनुपने आणि मी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"चाला," डोमाजी म्हणाले, "पोरायले बोलू द्या दोन शब्द. आपण म्हाताऱ्यायनं लाडू खावावं."

सगळे बैठकीत गेले. रीतीप्रमाणे मी दाराशी खुर्ची घेऊन थांबले. बैठक आणि ही खोली यांच्यामधल्या दाराला कवाड नाही, नुसता पडदा आहे. पलीकडे आईच्या बांगड्या ऐकू येत होत्या. ती पडद्याला लागूनच बसली असणार.

प्रियदर्शनीने पिशवी खाली ठेवली. "हे सगळं तुम्ही एकट्यानं केलं?"

"जमीन ताईनं. बाकी मी."

"माझी चौथीची पोरं पाहतील तर इथून हलणार नाहीत." तिने हात मागे बांधून घेतले होते, काहीला धक्का लागू नये म्हणून. "मला रेल्वेतलं काही कळत नाही. पण एक विचारू? तुम्ही राग नका मानू. पुण्याला तुम्ही इंजिनिअर होते. पगार चांगला असेल. मग परत काहून आले?"

अनुप बोलायच्या आधी पडद्यापलीकडून आईचा आवाज आला. "कंपनी बंद पडली ना बाई त्याची! लाकडाउनमधी. लय लोकं घरी बसले."

प्रियदर्शनीने पडद्याकडे पाहिलं आणि मग अनुपकडे. "लॉकडाऊनमध्ये का?"

"मोठी कंपनी होती," आई म्हणाली. ती आता पडदा बाजूला करून दारात उभी होती, हातात लाडवांची ताटली. तिच्यामागे बाबांची गोष्ट मध्येच थांबली होती. "इचारा माधवीले. थे गेली होती त्याले आणाले. सांग ना वो माधवी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आईच्या डोळ्यांत धाक नव्हता. विनवणी होती, आणि ती पाहणं मला धाकापेक्षा जड गेलं. तिने माझ्याकडे मागितलं होतं ते फक्त एक 'हो'. किंवा तेही नाही. मान हलली असती तरी चाललं असतं. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं, आणि गप्प राहणं मला जमतं हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

"नाही," मी म्हणाले. "कंपनी बंद पडली नव्हती. मी त्याला आणायला गेले होते हे खरं आहे. का, ते मी सांगणार नाही. ते त्याचं आहे."

ताटलीतला एक लाडू घसरून फुटला. आई खाली वाकली नाही.

"माधवी," बाबा मागून म्हणाले. नुसतं नाव.

वच्छलाबाईंनी डोमाजींच्या हाताला हात लावला. प्रियदर्शनी मात्र जागची हलली नाही. ती अनुपकडे पाहत होती, शिक्षिका वर्गात उत्तराची वाट पाहतात तशी. घाई न करता, पण विषयही न बदलता.

अनुप फलाटाशी उभा होता. त्याने मान थोडी कलती केली, जणू कुठून काही ऐकू येतं का ते पाहत होता. मला वाटलं, आता हा खोलीबाहेर जाईल. पुण्यात तो असाच गेला असता. त्याने डोळे मिटले, उघडले. मग आईकडे पाहिलं आणि फार मऊ आवाजात म्हणाला, "आई, तू बस. ताटली ठेव."

आई बसली नाही, पण ताटली ठेवली.

"मले आजार हाय," तो प्रियदर्शनीला म्हणाला. आवाज मोठा होता. बैठकीतल्या सगळ्यांना जावा एवढा. "डोक्याचा. नसलेले आवाज ऐकू येतात. पुण्याले लय वाढलं म्हणून ताई अन् बाबा मले घेऊन आले. दवाखान्यात राह्यलो. गोळ्या घेतो तं नीट असतो, पण हात थरथरतात. आज नाई थरथरून राहिले, कारण का तुमच्यासाठी मी आठ दिवस गोळ्या घेतल्या नाईत."

डोमाजी काहीतरी बोलणार होते. प्रियदर्शनीने न वळता हाताने त्यांना थांबवलं.

"मंग?" ती म्हणाली.

"मंग," अनुप म्हणाला, "आता तुमच्यासमोर गोळी घेतो. इथून पुढं कोणासाठीच बंद करणार नाई, लग्नासाठी बी नाई."